वाऱ्यानं आणलेली वाळू

अरुणनं नारळ फोडला तेव्हा अहिल्या ट्रकच्या टपावर उभी राहून पॅनेलचे दोर सोडत होती, नाहीतर तिनं त्याचा हात धरला असता. आवाज आला म्हणून तिनं वळून पाहिलं. नवरा गुडघे टेकून बसलेला, समोर टिकावानं उकरलेला वीतभर खड्डा, खड्ड्यात हळदकुंकू आणि नारळाचं पाणी, आणि हे महाशय खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकायच्या बेतात.

"अरुण! अरे, काय केलंस हे?"

"भूमिपूजन. पटकन उरकलं, तुझा टाइम वेस्ट नको म्हणून."

"इथं खड्डा खणायचा नाही, म्हणून तर मी दोन महिने डिझाइन घासत बसले ना?"

"याला काय खड्डा म्हणतात? तुळस लावायलासुद्धा याहून मोठा लागतो. चिल यार."

अहिल्या टपावरून उतरली आणि पायानंच माती आत ढकलू लागली. पण ॲरिझोनाच्या त्या कोरड्या, पिवळट जमिनीवर कुंकू असं काही पसरलं होतं की जितकं झाकावं तितकं लाल दिसत होतं. जवळच मेंढ्यांच्या कोंडवाड्याशी इर्मा क्लाह उभी होती. सत्तरी ओलांडलेली नवाहो बाई, डोक्याला रुमाल, अंगात नवऱ्याचा जुना कोट. ती सगळं बघत होती.

ही जमीन साधीसुधी नव्हती. नवाहो आणि होपी या दोन जमातींचा तिच्यावरून वाद होता, आणि वाद मिटेपर्यंत कुणी काही बांधायचं नाही असा सरकारी हुकूम होता. हुकूम आला तेव्हा इर्मा तरुण होती. आता २००४ साल चाललं होतं. मधल्या काळात तिच्या घराचं छप्पर गळलं, भिंत कलली, खिडकीची काच फुटली, आणि दरवेळी दोन्हीकडची परवानगी मागायची म्हणून ती पत्रे आणि पोती ठोकून भागवत राहिली. विजेचे खांब लांबच्या हमरस्त्यावरून गेले. तिच्या घरात अजून रॉकेलचा कंदील होता.

कंदिलावर तिचं आयुष्य निघालं असतं. पण तिच्या नवऱ्याची, लेलंडची, फुप्फुसं तरुणपणी खाणीत गेली होती आणि आता त्याला झोपेत प्राणवायूचं यंत्र लागायचं. दिवसा सिलिंडरवर भागत असे, रात्री यंत्रच हवं, आणि यंत्राला वीज. म्हणून तो शहरातल्या वृद्धांच्या दवाखान्यात पडून होता. घरी रात्रभर टिकणारी वीज दाखवा आणि घेऊन जा, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. बर्फ पडला की रस्ता बंद. म्हणजे काय ते बर्फ पडायच्या आत करायला हवं होतं.

हे काम अरुण आणि अहिल्याकडे आलं होतं. दोघंही व्हर्जिनियात हर्नडनला टेलिकॉममध्ये होते. २००१मध्ये एकाच आठवड्यात दोघांच्या नोकऱ्या गेल्या. अरुण पुण्याचा, तो नव्या नोकरीच्या मुलाखतींसाठी टाय बांधत बसला. अहिल्या माण तालुक्यातली, धनगराची लेक, तिला बसून राहणं जमेना. तिनं सौरऊर्जेचा कोर्स केला, नवऱ्याला हलवलं, एक जुना ट्रक घेतला, आणि आता दोघं मिळून वाळवंटातल्या आडबाजूच्या घरांना वीज लावून देत. मुलगी रीमा व्हर्जिनियातच कॉलेजला होती. फोनवर ती विचारायची, "मॉम, आर यू गाइज ओके?" आणि अहिल्या म्हणायची, "ओके म्हणजे काय, हाडं मोडलीत, बाकी मजेत."

इर्मासाठी अहिल्यानं सगळी जुळणी चाकांवर केली होती. एक सपाट ट्रेलर, त्यावर सौर पॅनेल, पेटीत बॅटऱ्या, आणि मधोमध उभा होणारा खांब. खांबाच्या टोकाला छोटी पवनचक्की. दिवसा सूर्य, रात्री वारा. तोल राहावा म्हणून ट्रेलरला चारी बाजूंना लोखंडी पाय, आणि पायांवर दाब द्यायला काँक्रीटचे ठोकळे. जमिनीत एक खुंटीसुद्धा ठोकायची नव्हती. कायद्याला बोट ठेवायला जागा उरू नये अशी तिची जिद्द होती, आणि ती जागा नवऱ्यानं टिकावानं करून दिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुरळा उडवत पांढरी गाडी आली. वादाच्या जमिनीवर नजर ठेवणारा निरीक्षक होता, उंच, खांद्यात वाकलेला, डोक्यावर मळकी टोपी. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी कळवलं होतं म्हणे, क्लाहबाईच्या घराशी खणाखणी चालू आहे.

तो सरळ खड्ड्यापाशी गेला. वारा रात्रभर वाहिला होता, वरची भुसभुशीत माती उडून गेली होती, आणि खड्डा पुन्हा लालभडक उघडा पडला होता. निरीक्षकानं काठीनं कुंकू उकरलं.

"हे रक्त आहे?"

"नो सर," अरुण म्हणाला. "कुंकू. पावडर. काम सुरू करायच्या आधी आम्ही जमिनीची परवानगी मागतो."

"जमिनीची," निरीक्षक म्हणाला. "आमची नाही."

अरुणचे कान लाल झाले. निरीक्षक वाईट माणूस नव्हता, आवाजही चढवला नाही त्यानं. पण एकदा खड्डा सापडल्यावर त्यानं सगळंच बारकाईनं बघायला घेतलं. ट्रेलरच्या खाली वाकून पाहिलं. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बूट आपटला.

"हा पाया आहे."

"तो फक्त वजनाला आहे," अहिल्या म्हणाली. "जमिनीत काहीच नाही. उचलून दाखवू?"

"मॅडम, काँक्रीट म्हणजे पाया. आणि पाया म्हणजे बांधकाम. शेजारी खणलेलंही आहे." त्यानं कामबंदीचा कागद खांबाला चिकटवला. "शुक्रवारी येईन. तोवर हे इथून गेलेलं असावं."

जाताना त्यानं इर्माकडे पाहून टोपीला हात लावला. तिनं मान फिरवली.

अहिल्यानं गाडी दिसेनाशी होऊ दिली. मग तिनं जे तोंड सोडलं ते पुण्यात कुणी ऐकलं नसेल. माणदेशी मेंढके हट्टी मेंढ्याला देतात त्यातलं सगळं तिनं अरुणला दिलं. वर विचारलं, "तुझ्या त्या वीतभर खड्ड्यापायी तो म्हातारा तिकडेच मरणार, कळतंय का तुला?"

एरवी अरुण एकाला दोन शब्द देणारा माणूस. आज त्यानं टोपलीतून नारळाच्या दोन्ही वाट्या काढल्या, ट्रकच्या मागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवल्या, आणि परत येऊन खड्ड्याशी बसून हातानं माती भरू लागला. एक एक मूठ दाबून भरत होता. ते पाहून तिला अधिकच राग आला आणि वाईटही वाटलं.

संध्याकाळी इर्मानं दोघांना घरात बोलावलं. लाकूड आणि मातीचं गोलसर, एकाच खोलीचं घर होतं. मधोमध शेगडी. तिनं तव्यावर फुगलेली तळलेली रोटी वाढली, मटणाचा रस्सा वाढला. अरुण शाकाहारी म्हणून त्याच्या ताटात घेवडा. ज्या माणसानं तिचं काम मोडलं त्याच्यासाठी तिनं वेगळा घेवडा शिजवला होता, आणि अरुण तो नुसता चिवडत बसला.

"सॉरी, मावशी," तो शेवटी म्हणाला. ती शहरातली इंग्रजी जेमतेम बोलायची, मराठी तर दूरच, पण 'मावशी' ही आपल्याला मारलेली हाक आहे एवढं तिला दोन दिवसांत कळलं होतं.

"तू जमिनीला विचारलंस," इर्मा हळूहळू शब्द जुळवत म्हणाली. "चांगलं केलंस. इथं कुणी विचारत नाही." मग थोडं थांबून ती म्हणाली, "पण टिकावानं कशाला विचारलंस?"

अहिल्या हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अरुणही हसला, आणि मग त्यानं घेवडा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इर्माला दवाखान्यात न्यायचं होतं. अरुण ट्रक घेऊन निघाला, अहिल्याही गेली. लेलंड खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. एके काळचा दांडगा माणूस, आता नुसता सांगाडा आणि नाकात नळी. पलंगाशेजारी यंत्र घरघरत होतं. त्यानं बायकोला पहिला प्रश्न आपल्या भाषेत विचारला. इर्मानं तो अहिल्याला सांगितला.

"विचारतो, बोकड लंगडतो का अजून."

"सांग, मी त्याचा खूर कापला काल," अहिल्या म्हणाली. "आत काटा होता. आता नीट चालतो."

लेलंडनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "तुला खूर कापता येतो?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"माझ्या आईबापांची मेंढरं होती. दर दोन-तीन दिवसांनी आमचं बिऱ्हाड पुढच्या रानात. माझं लहानपण घोड्याच्या पाठीवर कोंबड्यांबरोबर बांधलेलं गेलं."

"इथं मला खिडकीतून गाड्या दिसतात," तो म्हणाला. "नुसत्या गाड्या. मला घरी ने."

हे तो बायकोला म्हणाला की अहिल्याला, कोण जाणे. अहिल्यानं मात्र ते स्वतःवर घेतलं. इर्माच्या घरी परतले तेव्हा वारा सुटला होता आणि वाळूचे कण पत्र्यावर तडतडत होते. इर्मा ट्रकमधून उतरली, भिंतीला टेकवलेला खराटा घेतला आणि दाराशी साचलेली वाळू झाडायला लागली. झाडून झाडून ती कोंडवाड्याच्या कुंपणाकडे ढकलत होती. तिथं कुंपणाला लागून वाळूचा कमरेएवढा ढीग होता, लांबच लांब.

अहिल्या त्या ढिगाकडे बघत उभी राहिली.

"मावशी, ही वाळू कुठली?"

"वाऱ्याची. रोज आणतो. मी रोज झाडते."

"आणि लोकर भरायची पोती आहेत का? मोठी, माणूस मावेल एवढी?"

इर्मानं खोपीकडे बोट दाखवलं. खोपीत गोणपाटाची लांबच लांब पोती घडी करून ठेवलेली होती. कातरणीनंतर लोकर भरून विकायला न्यायची ती. अहिल्यानं एक उलगडलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. तोच वास होता, ओल्या मेंढराचा, तुपकट.

"अरुण, ठोकळे ट्रकमध्ये भर," ती म्हणाली. "सगळे. एक तुकडा इथं राहता कामा नये."

"आणि वजनाला काय?"

"वारा."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं. मग काही न विचारता बाह्या सरसावल्या. हे मात्र त्याचं मानायला हवं, एकदा कामाला लागला की माणूस हटायचा नाही.

काम सोपं नव्हतं. पहिल्याच पोत्यात वाळू भरली तर गोणपाटाच्या विणीतून ती भुरुभुरु गळायला लागली. अरुण म्हणाला, प्लास्टिक लावू. अहिल्या म्हणाली, उन्हानं महिन्यात फाटेल. ती खोपीत गेली आणि कातरणीतली टाकाऊ लोकर घेऊन आली, मेंढरांच्या पोटाखालची, मातीनं आणि लेंड्यांनी लडबडलेली, जिला कुणी विचारत नाही. तिनं ती पोत्याच्या आत थापली आणि स्वतः आत उतरून पायांनी तुडवायला लागली. तिची आई अशीच घोंगडीची लोकर तुडवायची. लोकर दबली, गुंतली, आणि मग ओतलेली वाळू गळायची थांबली.

पोतं भरल्यावर हलवणं माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून ते आधी ट्रेलरच्या लोखंडी पायावर ठेवायचं आणि जागेवरच भरायचं. इर्मा फावड्यानं घमेलं भरायची, अरुण वाहून आणायचा, अहिल्या आत उभी राहून तुडवायची. वारा तोंडावर वाळू मारत होता. दातांत करकर, डोळे लाल. अरुणच्या तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर त्यानं रुमाल गुंडाळला. इर्माचं वय झालं होतं, पण तिचं फावडं एका लयीत पडत होतं आणि ती थांबली नाही. मध्येच अरुण कंबर धरून बसला तेव्हा ती त्याच्या भाषेत ओरडली, "मावशी!" तिला तो एकच शब्द येत होता. अरुण हसत उठला.

गुरुवारी संध्याकाळी चारी पायांवर पोती उभी राहिली, गच्च, टणक. खांबाच्या तारा त्यांनी त्या पायांनाच आवळल्या. कप्पीवरून दोरखंड टाकून अरुणनं ट्रक इंच इंच पुढे घेतला आणि खांब कण्हत उभा झाला. अहिल्यानं हात वर करून थांबवलं. चक्कीची पाती आधी डुलली, मग फिरली, आणि मग दिसेनाशी झाली. ट्रेलर जागचा हलला नाही. अहिल्या तिथंच जमिनीवर बसली. आपल्याला हे जमलं, याचा तिला मनापासून आनंद झाला.

शुक्रवारी निरीक्षक आला. खांब उभा पाहून त्यानं गाडीचं दार जरा जोरातच लावलं.

"मी काढायला सांगितलं होतं."

"तुमची हरकत काँक्रीटला होती. काढलं," अहिल्या म्हणाली. "खड्डा बुजवला. बघा."

त्यानं खड्ड्याची जागा पाहिली. मग पोती दाबून पाहिली. "यात काय आहे?"

"वाळू."

"कुठून खणली?"

अहिल्या बोलायला गेली, पण इर्मा पुढे आली. आजवर ती या माणसाशी एक शब्द बोलली नव्हती.

"खणली नाही," ती म्हणाली. "वाऱ्यानं आणली. तिकडून, होपींच्या बाजूनं येतो वारा. कधी आमच्या बाजूनं तिकडे जातो. मी चाळीस वर्षं झाडते. झाडायला परवानगी लागते का?"

निरीक्षक कुंपणाशी गेला. ढीग अर्धा झाला होता, आणि खाली जुनी, कडक, अखंड जमीन दिसत होती. टिकावाचा ओरखडासुद्धा नव्हता. त्यानं बुटाच्या टाचेनं ती जमीन ठोकून पाहिली. मग परत येऊन ट्रेलरच्या मागे गेला. तिथं नंबरप्लेट होती. अहिल्यानं ती कालच पुसून चकचकीत केली होती.

"रजिस्टर्ड आहे?"

"आहे. लाइट्स चालतात, ब्रेक चालतो. बघायचाय?"

त्यानं टोपी काढून घाम पुसला. "गाडी आहे असं म्हणता, तर ती गाडी असली पाहिजे. वर्षभर एकाच जागी उभी राहिली तर मी तिला बांधकाम म्हणेन. दर महिन्याला हलली पाहिजे. मी येऊन चाकांच्या खुणा बघेन."

"किती हलवायची?"

"हलली पाहिजे, एवढंच." त्यानं खांबावरचा कागद सोलून काढला आणि खिशात घातला.

तो गेला आणि अहिल्याचा संताप उफाळला. "अरे, काय माणूस आहे! दर महिन्याला खांब पाडा, सगळी पोती उपसा, ट्रेलर ओढा, पुन्हा पोती भरा, पुन्हा खांब उभा करा. एवढ्या वयाच्या बाईनं? हा छळ आहे नुसता."

इर्मा मात्र शांत होती. "मेंढरं रोज हलवते," ती म्हणाली. "हे महिन्यातून एकदा."

पुढच्या आठवड्यात लेलंड घरी आला. डॉक्टरकडचा माणूस येऊन मीटर बघून गेला, रात्रभर वीज टिकली आहे याची त्यानं खात्री केली, मगच सोडलं. अरुणनं म्हाताऱ्याला ट्रकमधून उचलून आत नेलं. त्याचं वजन एखाद्या कोकराएवढंच लागलं. यंत्र चालू झालं तेव्हा इर्मानं कंदील फुंकून विझवला आणि खुंटीवरून काढून ठेवला.

महिना भरला तेव्हा अरुण आणि अहिल्या न सांगता आले. आभाळ करडं झालं होतं, बर्फाचा वास हवेत होता. बघतात तो इर्मानं एकटीनं दोन पोती उपसलीही होती. दोघं कामाला लागले. पाती बांधली, खांब आडवा केला, उरलेली पोती रिकामी केली, लोखंडी पाय दुमडले. इर्मानं आपला खटारा ट्रक मागे घेऊन ट्रेलरला जोडला. लेलंड दाराशी खुर्चीत, घोंगडी पांघरून, पायाशी सिलिंडर ठेवून हे सगळं बघत होता.

"थांबा," अहिल्या म्हणाली.

ती ट्रकच्या केबिनमध्ये गेली आणि नारळ घेऊन आली. दुसऱ्या हातात चार लिंबं. अरुण तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"बघतोस काय? गाडी आहे ना ही? सरकारनंच सांगितलंय. मग गाडीची पूजा नको?"

तिनं एकेका चाकापुढे एकेक लिंबू ठेवलं आणि नारळ नवऱ्याच्या हातात दिला. अरुणनं तो हातात फिरवला, कपाळाला लावला, आणि ट्रेलरच्या जोडणीच्या लोखंडावर फोडला. पाणी चाकावर सांडलं. जमिनीला कुणी हात लावला नाही.

इर्मानं गाडी सुरू केली. लिंबं चिरडली, ट्रेलर करकरत दहा पावलं पुढे गेला आणि थांबला. मागे वाळूत चाकांच्या दोन स्वच्छ रेघा उमटल्या. पुढच्या महिन्यात ती तो तेवढाच मागे आणणार होती.

अरुण खोबऱ्याचा तुकडा घेऊन लेलंडकडे गेला. म्हाताऱ्यानं तो दाढेखाली धरून सावकाश चघळला. त्याची नजर त्या दोन रेघांवर होती.

"तो सरकारी माणूस असाच येणार दर महिन्याला, खुणा बघायला?" त्यानं विचारलं.

"हो," अहिल्या म्हणाली. "आम्हीही येऊ हलवायला."

"येऊ दे त्याला," लेलंड म्हणाला. श्वास घ्यायला तो थांबला, मग खुर्चीच्या दांड्यांवर दोन्ही हात ठेवून नीट बसला. "गाडी हलेल. मी हलणार नाही."

इर्मानं पहिलं रिकामं पोतं उचललं आणि झटकलं. अहिल्या बूट काढून आत उतरली.